काटे चारवर, टोल सात!

निकालाच्या दिवशी बहुतेक घरांत एकच चित्र असतं. पोर्टल उघडत नाही. आई देवापुढे दिवा लावून आलेली असते, बाबा दर दोन मिनिटांनी "दिसतंय का काही?" विचारत असतात आणि मोबाइलवर ते गोल चक्र फिरत राहतं. तुम्ही विद्यार्थी असा नाहीतर विद्यार्थ्याचे पालक, हे तुम्ही अनुभवलेलंच असणार. मग एकदाचं पान उघडतं. कधी पेढे येतात. कधी मात्र स्क्रीनवर असं काही दिसतं की सगळेच गप्प होतात. ज्या प्रॅक्टिकलसाठी मुलगी पहाटे उठून, जर्नल छातीशी धरून गेली होती, त्याच्यासमोर लिहिलेलं असतं: गैरहजर.

आणि घरातून पहिला प्रश्न येतो, "तू नक्की गेली होतीस ना?"

या वेळी आपण या प्रश्नाबद्दल बोलूया. सोबत जुन्या घड्याळांबद्दलही बोलूया. निकालात घड्याळ कुठून आलं, असं वाटत असेल तर थोडा धीर धरा. माझ्या मामेबहिणीने गेल्या वर्षी ही दोन्ही कामं एकाच वेळी केली. सकाळी विद्यापीठाच्या खिडकीपुढे रांग आणि संध्याकाळी उघडलेल्या घड्याळापुढे चिमटा. त्यातून ती जे शिकली, ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

एक मुलगी, दोन नावं

मामाचं घर इंदूरला. आजोबांच्या वेळेपासूनचं. मध्ये काही वर्षं मामाची नोकरी जळगावला होती, म्हणून बहिणीची दहावी महाराष्ट्र बोर्डातून झाली. नंतर सगळे परत इंदूरला आले. बारावी तिथे, बी.एस्सी.लाही प्रवेश तिथेच.

आता महाराष्ट्राच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव कसं असतं, आठवून पाहा. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आपल्याला त्यात काही वेगळं वाटत नाही. पण तिच्या आधार कार्डावर फक्त नाव आणि आडनाव आहे. पहिल्या वर्षाचा फॉर्म आधारवरून भरला गेला. पुढे विद्यापीठाचं नवं पोर्टल आलं तेव्हा माहिती दहावीच्या गुणपत्रिकेवरून भरली गेली आणि त्यात आडनावच तिचं पहिलं नाव झालं. एकाच मुलीच्या दोन नोंदी आणि दोन एनरोलमेंट नंबर तयार झाले. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण पुढची सत्रं नीट पार पडली.

पाचव्या सत्रात घोळ झाला. लेखी पेपरचे गुण एका नंबरवर चढले, दोन प्रॅक्टिकलचे दुसऱ्यावर. निकालात लेखी पेपर उत्तम आणि दोन्ही प्रॅक्टिकलला गैरहजर. एम.एस्सी.चे फॉर्म सुरू होणार होते आणि जिथे तिला जायचं होतं, तिथली पहिलीच अट होती: एकही विषय मागे राहिलेला नसावा.

खिडकीवरच्या बाबूजींनी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि म्हणाले, "बेटा, सिस्टम में तो यही दिख रहा है." त्यांचंही खोटं नव्हतं. सिस्टममध्ये खरंच तेच दिसत होतं.

आजोबांचं घड्याळ

त्याच काळात घरातलं भिंतीवरचं घड्याळही बिनसलं होतं. आजोबांचं ते जपानी घड्याळ, तबकडीवर 'सेइकोशा' लिहिलेलं. हत्तोरी किंतारो यांनी 1892 मध्ये टोकियोत हा कारखाना सुरू केला, तो भिंतीवरच्या घड्याळांपासूनच. पुढे जगभर गाजलेलं 'सेइको' हे नाव त्यातूनच आलं. अशी घड्याळं आपल्याकडच्या कित्येक जुन्या घरांत अजून सापडतात. आठवड्यातून एकदा चावी द्यायची, खाली काचेआड लंबक हलत राहतो आणि तासाला टोल पडतात.

आजोबा गेल्यावर चावी द्यायचं कुणाच्या ध्यानात राहीना. घड्याळ थांबायचं, मग कुणीतरी बोटाने काटे भराभर पुढे ढकलून वेळ लावायचं. काही दिवसांनी गंमत सुरू झाली. काटे चारवर आणि टोल सात! मामी म्हणाली, "म्हातारं झालंय, आता बॅटरीचं मशीन बसवून घ्या."

बहीण घड्याळ चादरीत गुंडाळून राजवाड्याजवळच्या एका वयस्कर घड्याळजींकडे घेऊन गेली. त्यांनी दोन महिने लागतील म्हणून सांगितलं, कारण बारीक भाग आता डोळ्यांना नीट दिसत नाहीत. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "तेरी आँखें अच्छी हैं. इधर बैठ, सीख ले." ती बसली. आधी शनिवारी, मग जवळजवळ रोज.

टोल चुकतो कसा?

इथे जरा घड्याळाच्या पोटात डोकावूया, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

अशा घड्याळाच्या तबकडीवर चावीची दोन भोकं असतात, कारण आत दोन वेगळी यंत्रं आणि दोन वेगळ्या स्प्रिंगा असतात. साधारणपणे उजवीकडची काटे चालवते, डावीकडची टोल वाजवते. टोल वाजवणाऱ्या यंत्रात एक चाक असतं. त्याच्या कडेवर कमीजास्त अंतरावर खाचा कापलेल्या असतात. एक टोल, मग खाच. दोन टोल, मग खाच. असं बारापर्यंत. मध्ये अर्ध्या तासाचा एकेक टोल. हिशेब केलात तर एक ते बाराची बेरीज 78 आणि अर्ध्या तासांचे 12, म्हणजे बारा तासांत 90 टोल. मग चाक पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आता महत्त्वाची गोष्ट. काटे कुठे आहेत, हे या चाकाला माहीतच नसतं. 'आता वाजव' एवढा इशारा त्याला मिळतो आणि मागच्या वेळी जिथे थांबलं होतं, तिथून ते पुढचा आकडा वाजवतं. तुम्ही काटे घाईने पुढे ढकलले आणि मधले टोल वाजू दिले नाहीत की दोघांची ताटातूट झाली. टोलाची स्प्रिंग आधी संपली आणि काटे चालत राहिले, तरी तेच होतं. घड्याळ मोडलेलं नसतं, म्हातारंही झालेलं नसतं. त्याच्या दोन नोंदी एकमेकींशी जुळत नसतात, एवढंच.

बहिणीने हे मला फोनवर समजावलं आणि मध्येच थांबली. म्हणाली, "ताई, माझं पण हेच झालंय गं."

ज्याला फक्त टोल ऐकू येतो

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट परिसरातला राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल. बांधकाम 1869 ते 1878, खाली ग्रंथालय आणि वर घड्याळ. त्याच्यासाठी पैसे देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांनी त्याला आपल्या आईचं नाव दिलं. अशी आख्यायिका सांगतात, की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं असे. कुणाला न विचारता त्यांना टोलांवरून वेळ कळावी, ही मुलाची इच्छा.

ही गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातली एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याला तबकडी दिसत नाही, त्याच्यासाठी टोल हीच वेळ. घरातली माणसं मुलीला ओळखतात, तिचा अभ्यास बघतात, म्हणजे त्यांना काटे दिसतात. पण दुसऱ्या शहरातल्या प्रवेश समितीला फक्त गुणपत्रिका दिसते. त्यांना टोल तेवढा ऐकू येतो. म्हणून 'आम्हाला माहीत आहे ना खरं काय ते' असं म्हणून भागत नाही. टोल दुरुस्त करावाच लागतो.

दोन शून्यांची किंमत किती, तेही पाहा. यूजीसीच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत 'ओ'ला 10, 'ए प्लस'ला 9, 'ए'ला 8, 'बी प्लस'ला 7, 'बी'ला 6, 'सी'ला 5 आणि 'पी'ला 4 गुण असतात. नापास आणि गैरहजर, दोन्हींना 0. प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि श्रेणीगुण यांचा गुणाकार करायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. समजा चार लेखी विषय प्रत्येकी 4 क्रेडिटचे आहेत आणि श्रेणीगुण 8, 9, 7, 8 आहेत. दोन प्रॅक्टिकल प्रत्येकी 2 क्रेडिटची, दोन्हींत 9. बेरीज होते 164, भागिले 20, म्हणजे एसजीपीए 8.20. आता दोन्ही प्रॅक्टिकलला गैरहजर लावा. बेरीज 128 आणि एसजीपीए 6.40. अभ्यास तोच, परीक्षा तीच. कागदावर मुलगी वेगळीच दिसते.

आधी स्प्रिंग सैल करायची

घड्याळजींचा पहिला धडा होता, चावी भरलेलं यंत्र कधी उघडायचं नाही. गुंडाळलेल्या स्प्रिंगेत आठ दिवसांची ताकद साठलेली असते. स्क्रू काढून पट्टी सैल केली की ती एका क्षणात सुटते, चाकांचे दाते तुटतात, बोटं फाटतात. म्हणून आधी चावी घट्ट धरायची, अडवणारी खिटी जराशी उचलायची आणि चावी हातातल्या हातात हळूहळू उलटी फिरू द्यायची. ताण पूर्ण उतरला की मगच स्क्रूला हात.

निकालाच्या दिवशी घरही असंच चावी भरलेलं असतं. त्या दिवशी मामाने आवाज चढवला, मुलीने दार आपटलं, मामी रडली. प्रत्येकाची भीती खरी होती. पण त्या ताणात जर कुणी विद्यापीठात जाऊन खिडकीवर भांडलं असतं, तर नंतर त्याच माणसाकडून काम करून घेणं अवघड झालं असतं. मामाने एक गोष्ट चांगली केली. रात्री तिच्या खोलीत जाऊन तो एवढंच म्हणाला, "तू गेली होतीस, हे मला माहीत आहे. आता ते कागदावर कसं दाखवायचं, ते बघू." मला विचाराल तर तिची अर्धी दुरुस्ती तिथेच झाली.

उघडण्याआधी फोटो

दुसरा धडा: काहीही सोडवण्याआधी ते आत्ता कसं आहे, याचा फोटो काढून ठेवायचा. कुठला स्क्रू कुठे, कुठली तार कशाखालून गेली आहे. घड्याळजी पूर्वी कागदावर चित्र काढत, बहीण मोबाइल वापरते. प्रत्येक थराचे स्क्रू वेगळ्या वाटीत आणि वाटीवर चिठ्ठी.

विद्यापीठाच्या कामातही तिने तेच केलं. तुम्हीही करा.

• चुकीच्या निकालाचा स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ दिसेल असा. पोर्टल बदलतं, तेव्हा जुनं पान पुन्हा दिसेलच असं नाही.

• हॉल तिकीट, परीक्षा फॉर्म आणि फी भरल्याची पावती.

• प्रॅक्टिकलचं सही-शिक्क्याचं जर्नल. हजेरीपत्रकावर तुमची सही असते, त्याची प्रत विभागाकडे असते. ती मिळाली तर अर्धा वाद संपतो.

• प्रत्येक अर्ज दोन प्रतींत. एक त्यांना, दुसरीवर पोच. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तोंडी "हो जाएगा"ची पोच मिळत नसते.

• एक साधी वही. कुठल्या तारखेला, कुठल्या टेबलावर, काय उत्तर मिळालं. बहिणीची वही एकच होती. पुढून विद्यापीठ, मागून घड्याळं.

थांबतं एकीकडे, बिघाड दुसरीकडे

घड्याळ बंद पडलं की आपण लंबकाला दोष देतो, कारण थांबलेला तोच दिसतो. खरं कारण बहुतेकदा वर कुठेतरी असतं. सुकून चिकट झालेलं तेल, आस फिरून फिरून लांबट झालेलं भोक, एकमेकांना घासणारे काटे. कधी तर घड्याळ निव्वळ तिरकं टांगलेलं असतं. कान देऊन ऐका. टिक आणि टॉक यांमधलं अंतर सारखं असेल तर घड्याळ सरळ आहे. टिक-टॉक... टिक-टॉक असं लंगडत असेल तर ते थोड्या वेळात थांबणार.

बहिणीनेही आधी लंबकालाच दोष दिला होता. निकालात चूक आहे म्हटल्यावर मैत्रिणींनी सांगितलं, रिव्हॅल्युएशन टाक. ती फी भरायलाही निघाली होती. पण रिव्हॅल्युएशन म्हणजे उत्तरपत्रिका पुन्हा तपासणं. इथे गुण द्यायचे राहिलेच नव्हते, ते भलत्या नंबरवर चढले होते. कितीही वेळा पेपर तपासला असता तरी गैरहजर ते गैरहजरच राहिलं असतं.

म्हणून पैसे भरण्याआधी आपली अडचण नेमकी कुठल्या जातीची आहे, ते ठरवा. बेरजेत चूक वाटते किंवा एखादं उत्तर तपासायचं राहिलं असावं, तर गुणपडताळणी. तपासणीच पटत नाही, तर आधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवा आणि ती बघून रिव्हॅल्युएशनचा निर्णय घ्या. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये, सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात मान्य केला आहे. आणि नाव, नंबर, हजेरी किंवा अंतर्गत गुणांची नोंद चुकली असेल, तर तो नोंददुरुस्तीचा अर्ज. त्याची सुरुवात कॉलेजातून, तुमच्या विभागातून होते.

टोल क्रमानेच जुळतात

काटे चारवर आणि टोल सात असं झालं की टोल मागे नेता येत नाहीत. आतली एक छोटी तरफ हलकेच उचलायची, ते अर्ध्या तासाचा एक वाजवतं. पुन्हा उचलायची, आठ. मग एक, नऊ, पुन्हा एक, दहा... असं करत सगळा फेरा पूर्ण करून चारपर्यंत यायचं. मधला एकही आकडा गाळता येत नाही. घरच्यांना वाटतं, हे काय सारखं ठणठण लावलंय! पण दुसरा रस्ता नाही.

बहिणीच्या अर्जाचंही तसंच झालं. तिला थेट सुधारित गुणपत्रिका हवी होती. पण आधी दोन एनरोलमेंट नंबर एक व्हायला हवे होते. त्यासाठी नावाची दुरुस्ती हवी होती. त्यासाठी दहावीची गुणपत्रिका, आधार आणि 'ही दोन्ही नावं माझीच' असं प्रतिज्ञापत्र. मग कॉलेजचं पत्र, मग एनरोलमेंट विभाग, मग परीक्षा विभाग. एक पायरी गाळली की फाइल परत खाली. तिसऱ्या फेरीनंतर ती चिडली नाही, याचं श्रेय ती घड्याळाला देते. तिच्या वहीत त्या दिवशी एका बाजूला 'एनरोलमेंट विभाग, सही बाकी' आहे आणि दुसऱ्या बाजूला 'टोल जुळले'.

फाइल हललीच नाही तर काय? त्यासाठीही पायऱ्या आहेत आणि त्या पुष्कळांना माहीत नसतात. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. प्रवेश, कागदपत्रं, परीक्षा, निकाल अशा तक्रारी तिच्याकडे नेता येतात. समितीने 15 कामकाजी दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं आणि त्यांनी 30 दिवसांत ते निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो. याशिवाय 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली' एवढा एक साधा प्रश्न लेखी विचारता येतो. त्याला साधारण 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बहिणीला समितीपर्यंत जावं लागलं. तिथे तिची ती पोचवाली वही आणि जर्नल यांनी काम केलं.

ज्या दिवशी काहीच हलत नाही

या सगळ्यात सगळ्यात कठीण असतं ते वाट बघणं. अर्ज दिलेला असतो, उत्तर नसतं आणि घरात रोज संध्याकाळी तोच प्रश्न, "काय झालं गं?" मामा-मामीने शेवटी ठरवलं, विद्यापीठाचा विषय फक्त रविवारी सकाळी चहाबरोबर. इतर दिवशी तिने आपणहून सांगितलं तरच.

त्या मधल्या दिवसांत तिला घड्याळांनी सांभाळलं. शेजारच्या काकूंचं एक, बाबांच्या मित्राचं एक, अशी आणखी दोन आली. रॉकेलमध्ये धुतलेलं पितळ पुसायचं, टोकदार केलेल्या लाकडी काडीने भोकांतला काळा मळ काढायचा. मग वेळ जुळवायची. लंबकाखालची चकती वर फिरवली की लंबक आखूड होतो आणि घड्याळ पुढे जातं, खाली फिरवली की मागे. पंचवीस सेंटिमीटरच्या आसपासचा लंबक फक्त एक मिलिमीटरने लांब झाला, तर घड्याळ दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं मागे पडतं. म्हणून चकती पाव फेरा फिरवायची आणि चोवीस तास थांबायचं. मग पुन्हा बघायचं. अशा कामात घाई करताच येत नाही आणि केलेल्या कामाचं फळ मात्र दुसऱ्या दिवशी नक्की दिसतं. विद्यापीठाच्या खिडकीवर तिला नेमकं तेच मिळत नव्हतं.

तुमच्या घरात कुणी अशा अडचणीत असेल आणि ते मूल तासन्‌तास सायकल खोलत, विणत किंवा कुंड्या रंगवत बसलं असेल, तर "आधी ते विद्यापीठाचं बघ" असं म्हणू नका. ते बघण्याची ताकद कदाचित तिथूनच येत असेल.

जुनं घड्याळ उघडावंसं वाटलं तर

• पहिल्यांदा स्प्रिंग एकट्याने सोडवू नका. जाणकार माणसाशेजारी बसून शिका.

• गंज काढायचे स्प्रे यंत्रात मारू नका. थोडे दिवस चालतं, मग सगळं चिकटतं. घड्याळाचं तेल फक्त आसांच्या टोकांना, थेंबापेक्षाही कमी. चाकांच्या दात्यांना तेल नको.

• अंधारात चमकणारे आकडे असलेली फार जुनी घड्याळं खरवडू नका. पूर्वी त्या रंगात रेडियम वापरत. रंगाची चमक गेली तरी रेडियम तसंच राहतं, त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे 1600 वर्षांचा आहे.

• तबकडी घासून नवी करू नका. तिच्यावरचे डाग हा त्या घराचा इतिहास आहे.

दुरुस्तीनंतरचे आठ दिवस

घड्याळजी दुरुस्त झालेलं घड्याळ लगेच परत देत नाहीत. पूर्ण चावी देऊन आठ दिवस भिंतीवर चालवून बघतात, कारण पहिल्या दिवशी सगळीच घड्याळं चालतात. स्प्रिंग सैल होत आल्यावर जे चालतं, तेच दुरुस्त झालेलं.

बहिणीची सुधारित गुणपत्रिका अकरा आठवड्यांनी आली. तोवर जिथे तिला जायचं होतं, तिथली फॉर्मची मुदत संपून गेली होती. हे मी लपवत नाही, कारण सगळं गोड झालं असं सांगणं खोटं ठरेल. दुसऱ्या एका विद्यापीठाच्या पुढच्या फेरीत तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि ती आता तिथे शिकते आहे. गेलेली संधी तिला अजून टोचते. तिने सुधारित कागद हातात आल्यावर मात्र घड्याळजींसारखंच केलं. पोर्टलवर, डिजिलॉकरमध्ये, क्रेडिट बँकेच्या खात्यात, सगळीकडे जाऊन बघितलं. डिजिलॉकरमध्ये एक जुनी गैरहजेरी अजून बसलेली होती! तीही काढून घेतली.

तुम्ही मराठी आहात आणि इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू, कुठेही राहता. आपल्या नावात वडिलांचं नाव मध्ये येतं, गुणपत्रिकेवर आडनाव पुढे जातं, लग्नानंतर कधी दोन्ही बदलतात. दुसऱ्या राज्यातल्या फॉर्मला यातलं काही ठाऊक नसतं. तेव्हा या रविवारी अर्धा तास काढा. मुलांची दहावीची गुणपत्रिका, आधार आणि विद्यापीठाचं ओळखपत्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. ज्यांच्याकडे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा बारा अंकी आयडी आहे, त्यांनी त्यावरचं नावही बघा. अक्षर न्‌ अक्षर जुळतंय का, क्रम तोच आहे का? जुळत नसेल तर सोमवारी अर्ज द्या. निकाल लागायची वाट बघू नका. आणि हो, पोच घ्यायला विसरू नका.